विजेचें माप आणि शेतकऱ्याची पत

(एक सभासद, उल्हासनगर कॅम्प २)

धान्य मापावयाचें तर पायली लागते, जमीन मोजावयाची तर साखळी लागते आणि दूध घालावयाचें तर लिटरचें माप लागतें. हीं सर्व मापें डोळ्यांना दिसतात. त्यांत खोट असली तर अडाणी मनुष्यही दुसरें माप आणून ती उघडी पाडूं शकतो. वीज मात्र अशी वस्तु आहे कीं, ती दिसत नाहीं, हातांत धरतां येत नाहीं, आणि मापणारें यंत्र जें सांगेल त्यावर विश्वास ठेवण्यावांचून आपणांस गत्यंतर नसतें. विहिरीवर, ओढ्यावर किंवा नदीकांठीं एकही मोटार बसलेली नाहीं असें गांव आज विरळा. तथापि त्या मोटारीनें किती वीज ओढली हें मोजणाऱ्या साधनांविषयीं शेतकऱ्यांच्या मासिकांत सहसा कोणी लिहीत नाहीं. खतें, बियाणें, कीड आणि बाजारभाव ह्यांवर पुष्कळ चर्चा होते, व ती व्हावयासच पाहिजे. परंतु ह्या उपेक्षित विषयाकडेही वाचकांचें लक्ष वेधावें, असें मनांत आल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

माझें म्हणणें थोडक्यांत असें : विजेचें माप बिनचूक असणें हें वीज पुरविणाऱ्यांच्या जितकें हिताचें आहे तितकेंच, किंबहुना त्याहून अधिक, शेतकऱ्याच्या हिताचें आहे. तें बिनचूक करण्याचीं साधनें आज उपलब्ध असतां आपण त्यांची मागणी करीत नाहीं, ही आपली चूक होय.

हा विषय मला कसा सुचला तें प्रथम सांगतों. उल्हास नदीच्या कांठीं, कल्याण-मुरबाड रस्त्यालगतच्या एका गांवीं माझ्या थोरल्या बंधूंची थोडी भाजीपाल्याची जमीन आहे. नदीवर पांच अश्वशक्तीची, तीन फेजची मोटार आहे. गेल्या उन्हाळ्यांत मंजूर भाराची तपासणी करण्याकरितां एक तरुण तपासनीस आले. त्यांनीं स्टार्टरची पेटी उघडली, चिमट्यासारखें उघड्या तोंडाचें एक यंत्र आंतील एका वायरीस लावलें, आणि ९.३ अँपिअर असा आंकडा वाचला. पांच अश्वशक्तीची मोटार भरल्या भारावर साधारण साडेसात ते आठ अँपिअर घेते. सबब मोटार मंजुरीपेक्षां मोठी आहे, असा शेरा ते लिहूं लागले. बंधूंनीं मोटारीवरची पाटी दाखविली. पाटी बदलतां येते, असें उत्तर मिळालें. आणि तें उत्तर कांहीं खोटें नव्हतें.

सुदैवानें गांवचा वायरमन तेथें हजर होता व त्याच्याजवळ बंद जबड्याचा टाँग टेस्टर होता. त्यानें तीच वायर पेटीच्या बाहेर, दुसऱ्या दोन वायरींपासून वीतभर दूर धरून मोजली. आंकडा आला ८.०. मग तपासनीसांनीं आपलें यंत्र त्याच जागीं, वायर बरोबर मधोमध येईल असें धरून, पुन्हां लावून पाहिलें. आतां तेंही ८.१ दाखवूं लागलें! गृहस्थ प्रामाणिक होते. त्यांनीं लिहिलेला शेरा खोडला, नवा आंकडा घातला, सही केली आणि चहा घेऊन ते गेले.

परंतु त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप लागली नाहीं. मोटार तीच, वायर तीच, वेळही तीच. केवळ यंत्र धरण्याची जागा बदलली आणि मापांत सव्वा अँपिअरचा फरक पडला. जेथें दुसरें यंत्र नव्हतें, वायरमन नव्हता आणि तपासनीसांना पुढील गांव गांठावयाचें होतें, अशा किती ठिकाणीं पहिलाच आंकडा कायम झाला असेल? दंडाची रक्कम कर्ज काढून भरतां येते. पण ‘ह्यानें विजेंत लबाडी केली’ हा बोल चारचौघांत लागला म्हणजे तो भरून निघत नाहीं.

असें कां व्हावें, हें समजून घेण्याचा मीं यथाशक्ति प्रयत्न केला. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें. विजेचें शास्त्र मीं पाठशाळेंत शिकलों नाहीं. तरी विषय वाटतो तितका कठीण नाहीं.

इ. स. १८२० मध्यें कोपनहेगन येथील ओर्स्टेड नांवाच्या प्राध्यापकास असें आढळलें कीं, वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्र ठेविलें असतां त्याची सुई ढळते. अर्थात् तारेंतून वीज वाहूं लागली कीं तिच्याभोंवतीं चुंबकत्व उत्पन्न होतें. विहिरींत खडा टाकला असतां जशीं पाण्यावर वर्तुळें उठतात, तशीं ह्या चुंबकत्वाचीं अदृश्य वर्तुळें तारेभोंवतीं असतात. वीज जितकी अधिक तितकें चुंबकत्व अधिक. आणि तारेपासून जितकें दूर जावें तितकें तें कमी. तेव्हां तार न तोडतां व तिला न शिवतां, केवळ भोंवतालचें चुंबकत्व मोजून आंतील वीज ओळखतां येते. टाँग टेस्टर काय, किंवा सबस्टेशनांतील करंट ट्रान्सफॉर्मर काय, दोघांचेंही मर्म हेंच.

आतां ह्यांत चूक कोठून शिरते तें पाहा. दहा अँपिअर वाहणाऱ्या तारेच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर चुंबकत्व सुमारें दोन गाउस असतें. दोन सेंटिमीटरवर तें एकच गाउस उरतें. पृथ्वीचें स्वतःचें चुंबकत्व आपल्या बाजूस ०.४ गाउसच्या आसपास आहे. म्हणजे आपण जें मोजूं पाहतों तें मुळांतच फार सूक्ष्म आहे. अंतर दुप्पट झालें कीं माप निम्मे होतें. आणि एक सेंटिमीटरवर ठेविलेला मापक केवळ एक मिलिमीटर सरकला तरी मापांत दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. घरांत व शेतांत येणारी वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे सेकंदास पन्नास आवर्तनें करणारी असते. म्हणून पृथ्वीचें स्थिर चुंबकत्व तिच्यापासून वेगळें काढतां येतें. पण शेजारच्या तारेंतील वीजही पन्नास आवर्तनांचीच असते, आणि ती सहजासहजीं वेगळी काढतां येत नाहीं. आमच्या पेटींत घडलें तें हेंच. उघड्या तोंडाच्या यंत्रानें आपल्या वायरीबरोबर शेजारच्या दोन वायरींचेंही थोडें चुंबकत्व गोळा केलें व सर्व एकाच खातीं जमा धरलें.

शेजाऱ्याच्या विजेमुळें आपलें माप बिघडतें, ही गोष्ट आपल्या ह्याच किनाऱ्यावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं ओळखली गेली होती. मुंबईस कुलाबा येथें पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालूं होती. मुंबईंत घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस ह्यांच्यापुढें प्रश्न उभा राहिला कीं, ट्रामच्या विजेचें चुंबकत्व आपल्या नाजुक सुयांना स्वस्थ राहूं देणार नाहीं. म्हणून समुद्रापलीकडे अलिबाग येथें नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यांत आली आणि १९०४ पासून तेथें नोंदी सुरू झाल्या. १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग ह्या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेऊन जुन्या नोंदींचा नव्यांशीं मेळ घातला गेला. मुंबईंत विजेची ट्राम धावली ती १९०७ च्या मे महिन्यांत. ह्या हकीकतींत दोन धडे आहेत. मापणाऱ्यास शेजारच्या गडबडीपासून दूर ठेवावें, हा पहिला. जागा किंवा साधन बदलावयाचें तर कांहीं काळ जुनें व नवें दोन्ही चालवून त्यांची तुलना करावी, हा दुसरा.

आतां आजचीं साधनें कोणतीं, व त्यांची अचूकता कशी वाढवितां येते, हें पाहूं.

पहिलें साधन लोखंडी कड्याचें. तारेभोंवतीं लोखंडाचें कडें घातलें म्हणजे भोंवतालचें बहुतेक चुंबकत्व त्या कड्यांतून जातें, व तार मध्यभागीं आहे कीं कडेला, ह्याचा फरक पुष्कळच कमी होतो. बंद जबड्याचा टाँग टेस्टर बाहेरच्या चुंबकत्वास सहसा दाद देत नाहीं तो ह्यामुळेंच. परंतु जबड्याचीं दोन टोंकें जेथें मिळतात तेथें धूळ, गंज किंवा तेलकट मळ साचला तर बारीक फट राहते, आणि एवढ्याशा फटीनें माप खोटें होतें. तेव्हां जबडे स्वच्छ पुसणें व ते पुरते मिटले आहेत कीं नाहींत हें पाहणें, ही बिनखर्चाची पहिली सुधारणा होय.

दुसरें साधन हॉल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं शोधलेल्या गुणावर आधारलेलें. पातळ पट्टींतून वीज वाहत असतां तिच्यावर चुंबकत्व पडलें कीं पट्टीच्या दोन कडांमध्यें किंचित् विद्युद्दाब उत्पन्न होतो. तो मोजला कीं चुंबकत्व कळलें. अलीकडील कित्येक लहान सेन्सर ह्याच जातीचे आहेत. १९८८ सालीं पातळ धातूंच्या थरांत चुंबकत्वामुळें विद्युद्विरोध मोठ्या प्रमाणांत बदलतो असें आढळून आलें. त्या शोधाबद्दल फेर व ग्र्यूनबर्ग ह्या दोघांना २००७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्यावरून आणखी तीक्ष्ण सेन्सर निघाले. हे सर्व तीक्ष्ण आहेत खरे. पण तीक्ष्ण कानाचा मनुष्य जसा शेजारचेंही बोलणें ऐकतो, तसा एकटा सेन्सर शेजारच्या तारेचेंही चुंबकत्व ऐकतो. शिवाय उन्हानें तापल्यावर त्याचें माप ढळतें. आपल्याकडे मे महिन्यांत पत्र्याच्या पेटींत काय उष्णता असते, हें सांगावयास नकोच.

ह्यावर उपाय मोठे युक्तीचे आहेत. तारेच्या दोन बाजूंस दोन सेन्सर बसवावे. तारेचें स्वतःचें चुंबकत्व वर्तुळाकार असल्यामुळें ह्या बाजूस वर तर त्या बाजूस खालीं असें विरुद्ध दिशेचें असतें. दूरच्या तारेचें चुंबकत्व मात्र दोन्ही बाजूंस जवळजवळ एकाच दिशेचें असतें. एकाच्या मापांतून दुसऱ्याचें वजा केलें कीं आपलें माप दुप्पट होतें आणि परकें माप बव्हंशीं उडून जातें. दोनाऐवजीं चार, सहा किंवा आठ सेन्सरांचें कडें तारेभोंवतीं केलें व सर्वांची बेरीज घेतली, तर तार मधोमध नसली तरी चूक पुष्कळ कमी होते. एकाच साक्षीदाराचा जबाब घेण्यापेक्षां चतुःसीमेच्या सर्व शेजाऱ्यांचे जबाब घेऊन पंचनामा करावा, तसाच हा प्रकार आहे.

आणखी एक युक्ति तराजूची आहे. ताणकाट्यांत वजन जितकें पडेल तितकी स्प्रिंग ताणली जाते. स्प्रिंग सैल झाली कीं वजन खोटें. तराजूंत मात्र एका पारड्यांत माल व दुसऱ्यांत वजन घालून कांटा मध्यावर आणावयाचा असतो. कांट्यानें केवळ बरोबरी दाखवावयाची. त्याचप्रमाणें चांगल्या सेन्सरांत एक वेगळें वेटोळें असतें. त्यांतून उलट दिशेची वीज सोडून तारेचें चुंबकत्व शून्यावर आणतात, आणि त्यासाठीं किती वीज लागली तें मोजतात. सेन्सरास केवळ ‘आतां शून्य झालें’ एवढेंच सांगावयाचें असल्यामुळें त्याच्या तीक्ष्णतेंत उष्णतेनें पडणारा फरक मापांत फारसा उतरत नाहीं.

तिसरें साधन रोगोव्स्कीच्या नांवानें ओळखलें जाणारें बिनलोखंडी वेटोळें. जर्मनींत १९१२ सालीं त्याचें विवेचन प्रसिद्ध झालें. त्यांत लोखंड नसल्यामुळें मोठ्या विजेनें तें तृप्त होत नाहीं, आणि बाहेरून लोहचुंबक ठेवून त्याला मंद करतां येत नाहीं. मात्र वेटोळें सर्वत्र सारख्या घट्टपणें विणलेलें पाहिजे, आणि त्याचीं टोंकें जेथें मिळतात त्या सांध्याजवळ तार येऊं देतां कामा नये.

साधनाइतकीच महत्त्वाची गोष्ट त्याची पडताळणी. महसूल खात्यांत नोकरी करीत असतां जमीन मोजणीचीं प्रकरणें माझ्या टेबलावरून पुष्कळ गेलीं. आपल्याकडील जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. तिनें ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद मोजलें म्हणजे एक गुंठा. ही साखळी ओढून ओढून कडीकडीनें लांबते. ती अवघी चार इंच लांबली तर लांबींत एक टक्का चूक होते. पण क्षेत्र लांबी गुणिले रुंदी असल्यामुळें क्षेत्रांत दोन टक्के चूक होते. पांच एकरांत, म्हणजे दोनशें गुंठ्यांत, चार गुंठे नाहींसे झाले! चार गुंठ्यांसाठीं भाऊ भावाचें तोंड पाहीनासा होतो, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून साखळी प्रमाण मापाशीं ताडून पाहण्याचा दंडक होता. व्यापाऱ्याच्या कांट्यावर वजनमापें खात्याचा शिक्का आहे कीं नाहीं हें आपण आजही पाहतों. मग ज्या टाँग टेस्टरच्या भरंवशावर दंड बसतो, त्याची शेवटची पडताळणी केव्हां झाली, हें विचारावयास आपण कां लाजावें?

विजेच्या मापांत साखळीसारखीच एक छुपी चूक आहे, ती वेळेची. मोटारीवर व्होल्टचा झोका आधीं येतो व अँपिअरचा झोका किंचित् मागाहून येतो. ह्या अंतरावरच पॉवर फॅक्टर अवलंबून असतो. आतां मापणारा सेन्सर किंवा करंट ट्रान्सफॉर्मर ह्यानें त्यांत आपली एक अंशाची फसगत भर घातली, तर अँपिअरचा आंकडा बरोबर दिसेल, पण युनिटांचा चुकेल. पॉवर फॅक्टर ०.८ असतां ही चूक सुमारें १.३ टक्के होते, आणि ०.५ असतां ३ टक्के. शेतीपंपांचा पॉवर फॅक्टर, विशेषतः कपॅसिटर नसला तर, कमी असतो. म्हणजे दिव्यांच्या भारावर जो मीटर चोख दिसेल, तोच पंपांच्या भारावर चुकूं शकतो. सबब सेन्सराची परीक्षा केवळ अँपिअरवर न करतां ह्या कोनाच्या चुकीसाठींही करून, ती आंतल्या आंत दुरुस्त करून घेणें अवश्य आहे.

दुसरी छुपी चूक लहरींच्या आकाराची. साधे स्वस्त टेस्टर वीज सुबक झोक्यांनीं वाहते असें गृहीत धरून आंकडा दाखवितात. परंतु हल्लींचीं इलेक्ट्रॉनिक यंत्रें, मोटारीची गति कमीजास्त करणारे ड्राइव्ह आणि सौरपंपांचे कंट्रोलर हे वीज तुकड्या-तुकड्यांनीं घेतात किंवा देतात. अशा वेड्यावांकड्या लहरींवर साधा टेस्टर कित्येकदां चाळीस टक्क्यांपर्यंतही कमी दाखवूं शकतो. ज्यावर ‘ट्रू आर. एम. एस.’ असें लिहिलेलें असतें तो लहरीचा खरा आकार जमेस धरून मोजतो. सौरपंप आतां गांवोगांव येत आहेत. तेव्हां टेस्टर विकत घेतांना हे शब्द पाहून घेणें हिताचें.

कोणी म्हणतील, हें सर्व इंजिनियरांचें काम. शेतकऱ्यास ह्याचें काय? शिवाय आतां साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारच्या २०२४ च्या योजनेनें एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत आहे. मग मोजावयाची तरी कशाला? ह्या आक्षेपांस उत्तर देणें जरूर आहे.

मोफत म्हणजे फुकट उत्पन्न झालेली नव्हे. शेतकऱ्याच्या वतीनें तिचे पैसे सरकार भरतें, आणि ते किती भरावयाचे हें शेतकऱ्यानें किती वीज वापरली ह्या हिशेबावर ठरतें. वीज कायदा २००३ च्या कलम ५५ चा आशय मीटरवांचून वीज देऊं नये असा असला, तरी महाराष्ट्रांत आजही पुष्कळ शेतीपंपांना मीटर नाहींत व त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते. अशा पंपांचा वापर अंदाजानें, फीडरवर गेलेली वीज पाहून काढावा लागतो. आतां फीडरच्या तोंडाशीं असलेला करंट ट्रान्सफॉर्मरच जास्त दाखवीत असला, किंवा वाटेंतली गळती नीट मोजली नसली, तर तो सर्व बोजा कोणाच्या नांवावर पडतो? ज्याच्याजवळ स्वतःचें माप नाहीं त्याच्या नांवावर. राज्य वीज नियामक आयोगानें शेतीच्या वापराचा अभ्यास करण्यास कार्यगट नेमला, आणि २०२० सालच्या दरनिश्चितीच्या आदेशांत शेतीचा वापर पूर्वीं सांगितला जात होता त्याहून कमी धरला. म्हणजे ‘शेतकरी सारी वीज पितो’ ह्या ओरडींत सारेंच सत्य नव्हतें, हें अधिकृत रीतीनेंही दिसून आलें.

आमच्या बाजूस ह्या गोष्टीचा आणखी एक कंगोरा आहे. उल्हासनगरचीं कापडाचीं व फर्निचरचीं दुकानें, अंबरनाथ-बदलापूरचे कारखाने आणि नदीकांठचे भाजीवाले हे एकाच पंचक्रोशींत राहतात. कारखानदार म्हणतो, शेतकऱ्यामुळें माझा दर चढला. शेतकरी म्हणतो, कारखान्याला चोवीस तास वीज आणि मला रात्रींची पाळी. दोघेही एकमेकांवर बोटें दाखवितात, आणि दोघांमधला खरा आंकडा कोणाजवळच नसतो. भांडण मिटविण्याचा पहिला उपाय मोजणी, हें महसुलांत काम केलेला कोणीही सांगेल.

गंमत अशी कीं आपल्या भाषेंत ‘आंकडा’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. तारेवर टाकलेला आंकडा हा चोरी समजली जाते, व ती चोरीच आहे. तिचें समर्थन मी करणार नाहीं. पण मोजल्यावांचून कागदावर टाकलेला आंकडा हाही कोणाचें तरी घेतोच. पहिला आंकडा काठीनें काढतां येतो. दुसरा काढावयास बिनचूक मापच लागतें.

माप बिनचूक झालें म्हणजे तें नेहमीं आपल्याच बाजूनें बोलेल असें मात्र कोणी समजूं नये. कोठें मोटार खरोखरच मोठी निघेल, कोठें आठ तासांच्या जागीं बारा तास पंप चालल्याचें उघड होईल. तसेंच मीटर बसला कीं उद्यां बिल येईल ही शेतकऱ्याची भीतीही निराधार नाहीं. सवलतीची मुदत कधीं ना कधीं संपतेच. परंतु ती मुदत संपेल तेव्हां ज्याच्याजवळ पांच वर्षांची चोख नोंद असेल तो हिशेबानें बोलूं शकेल, आणि ज्याच्याजवळ नसेल त्याला दुसऱ्यानें काढलेला अंदाज मुकाट्यानें मान्य करावा लागेल. पांच अश्वशक्तीचा पंप तासास सुमारें साडेचार युनिट घेतो. आठ तासांचे छत्तीस झाले. त्यांत पांच टक्के चूक धरली तर रोजचे जवळजवळ दोन युनिट, आणि चार महिन्यांच्या हंगामांत दोनशें सोळा युनिट. एका पंपाचा हा हिशेब. गांवचा व तालुक्याचा वाचकांनींच करावा.

आतां काय करावें, हें सांगून हा लेख पुरा करतों.

एक. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें किंवा शेतकरी गटानें एक चांगला, बंद जबड्याचा, ‘ट्रू आर. एम. एस.’ टाँग टेस्टर समाईक घ्यावा. त्याची किंमत कांहीं हजार रुपयांत असते. औषध फवारणीचा पंप समाईक घेतों तसाच हा घ्यावा. वर्षांतून एकदां मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंतून त्याची पडताळणी करून दाखला ठेवावा. मुंबईस अंधेरी येथें केंद्र सरकारची चाचणी प्रयोगशाळा आहे. खाजगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाही आहेत.

दोन. मोजतांना एका वेळीं एकच वायर जबड्यांत घ्यावी. ती मधोमध ठेवावी, शेजारच्या वायरी वीतभर दूर कराव्या, जबडे पुसून पुरते मिटवावे, आणि तिन्ही फेज पाळीपाळीनें मोजावे. वीज फारच थोडी असेल तर सुट्या इन्सुलेटेड वायरीचे दहा वेढे जबड्यांतून घेऊन आलेल्या आंकड्यास दहानें भागावें. बारीक माप चोख निघतें. वेढे घेणें, पेटी उघडणें व वायर हलविणें हें काम मात्र वीज बंद करून, जाणत्या वायरमनकडूनच करवावें; जीव मापाहून मोठा आहे.

तीन. केवळ अँपिअरवरून मोटारीची अश्वशक्ति ठरवूं देऊं नये. व्होल्ट उतरले असतां भरल्या भाराची मोटार तितकेंच काम करण्यासाठीं अधिक अँपिअर घेते, आणि उन्हाळ्यांत व्होल्ट उतरणें हें आपल्या नित्याच्या अनुभवाचें आहे. म्हणून पंचनाम्यांत अँपिअरबरोबर त्या वेळचे व्होल्ट, पॉवर फॅक्टर, वापरलेल्या यंत्राची जात व त्याच्या पडताळणीची तारीख लिहिली जावी, असा आग्रह नम्रपणें पण ठामपणें धरावा.

चार. शेतीच्या फीडरवरील मीटर व करंट ट्रान्सफॉर्मर ह्यांची तपासणी होईल तेव्हां शेतकऱ्यांच्या प्रतिनिधीस हजर राहूं द्यावें, आणि दरमहा फीडरवर गेलेले युनिट ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. पर्जन्याचा आंकडा आपणांस समजतो, बाजारभाव समजतो. हाही समजूं द्यावा. मीटर किंवा करंट ट्रान्सफॉर्मर बदलतांना कांहीं आठवडे जुना व नवा दोन्ही जोडून ठेवावे. अलिबागकरांनीं शंभर वर्षांमागें केलें तें आज अवघड नसावें.

उल्हास नदीस भिवपुरीच्या वीजघरांतून सुटणारें पाणी मिळतें म्हणून ती उन्हाळ्यांतही वाहती राहते. १९२२ पासून डोंगरावरचें तें पाणी आधीं वीज देतें आणि मग खालीं आमच्या भाजीच्या वाफ्यांस येतें. तेंच पाणी पुन्हां विजेनेंच वर उपसून आम्ही शेताला देतों. ज्या विजेशीं आपला इतका निकटचा संबंध आहे, तिचें माप परक्याच्या हातीं ठेवून आपण निश्चिंत बसावें हें शहाणपणाचें नव्हे. माझ्या बंधूंनीं त्या दिवसानंतर स्टार्टरच्या पेटींतील तिन्ही वायरी सुट्या करून घेतल्या आहेत, आणि पेटीच्या झांकणाआंत एक वही टांगली आहे. तींत दर अमावास्येस व्होल्ट व अँपिअर लिहिले जातात. खर्च एका वहीचा. पण पुढील तपासनीस येतील तेव्हां आमच्याजवळही एक आंकडा असेल, आणि तो मोजलेला असेल.